भुऱ्याची तब्येत आणि सरपंचाचं पोट

आमच्या गावच्या सरपंचाला कुत्रं चावलं ही बातमी अर्जुनीच्या बाजारात पोचायला एक दुपार लागली. ते का चावलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी सांगतो. मला कुणाच्या बापाची भीती नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं मी पुड्यांच्या कागदांवर आपलं आपण शिकलो, आणि आता लोकांचे अर्ज लिहून देतो. गावात मला हिरालाल अर्जनवीस म्हणतात. जे माझ्याकडून अर्ज लिहून घेतात ते भाऊ म्हणतात. ज्यांच्याविरुद्ध लिहून घेतात ते जे म्हणतात, ते छापण्यासारखं नाही.

आपला मुलूख मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. शेजारच्या गावी एक पिसाळलेलं कुत्रं निघालं होतं. लगेच आमच्या पंचायतीनं ठराव केला की ज्या कुत्र्याला मालक नाही, त्याला कुचल्याच्या विषारी बियांचे लाडू घालून मारावं. कुचला आमच्या जंगलात फुकट मिळतो, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूवर ठराव करायला पंचायत नेहमी तयार असते.

आता आमच्या आळीची रीत ऐका. आळीत एकच कुत्रा, भुऱ्या. तो झोपतो माझ्या ओट्यावर, पण जेवतो सगळ्या घरी. सकाळची पेज सुलोचनाबाईकडे, दुपारचा भात आमच्याकडे, संध्याकाळचं जे उरलं ते बकाराम कोतवालाकडे. असा कुत्रा सगळ्यांचा असतो. एकानं 'माझा' म्हटलं, की बाकीच्यांनी भात टाकणं बंद करायचं. म्हणून ठरावानंतर मालकाचं नाव विचारायला माणूस आला, तेव्हा आळी एका आवाजात म्हणाली, "आमचा आहे." कोणाचा, म्हटल्यावर आळीनं आभाळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. उगाच खोटं कशाला बोलू.

सरपंच केशोरावजी यांनी लाडूंचा मुहूर्त भुऱ्यावरच करायचं ठरवलं. यात माणुसकीचा भाग एवढाच की तलावाचं पाणी त्यांनी आधी आपल्या धानाच्या बांधीत सोडल्याबद्दल मी नुकताच एक अर्ज वर धाडला होता. मला लाडू घालता येत नाही, म्हणून माझ्या ओट्यावरच्या कुत्र्याला. बकाराम कोतवाल टोपली घेऊन मागे, सरपंच पुढे. मी ओट्यावर बसून दुसराच कुणाचा तरी अर्ज लिहीत होतो.

"काऊन गा अर्जनवीस, हा कुत्रा तुहा आहे काय?" सरपंचांनी विचारलं.

"आळीचा आहे."

"मंग आळीनं पाहून घ्याव," असं म्हणून त्यांनी कुचला घातलेला, गूळ आणि तांदळाच्या पिठाचा लाडू भुऱ्याच्या तोंडापुढे धरला.

भुऱ्यानं लाडवाचा वास घेतला. सरपंचांचाही वास घेतला. दोन्हींचा विचार केला आणि लाडू सोडून हात धरला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. सरपंच ओरडले, बकाराम टोपली टाकून पळाला आणि कुचल्याचे लाडू उतारावरून रस्ताभर गडगडत गेले. कुणी जखमेत तिखट भरायला सांगितलं, कुणी चुना, कुणी कंदिलातलं रॉकेल. आमच्या गावात इलाजाची टंचाई कधीच नसते. सरपंचांनी तिन्ही लावून घेतली, आणि मग ते जे ओरडले, त्यापुढे पहिलं ओरडणं काहीच नव्हतं.

आता दवाखाना. माणसांच्या दवाखान्यात सांगितलं, "कुत्रा पिसाळलेला आहे की नाही याचा दाखला आणा, मग पोटातल्या सुयांचं बघू." ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडरनं माझा अर्ज उलटसुलट पाहिला. मी विषय स्पष्ट लिहिला होता : 'सरपंचांचे पोट व कुत्र्याची प्रकृती यांबाबत.'

"कुत्रा ढोरात येत नाई," तो म्हणाला.

"मग कशात येतो?"

"ते वरून लिहून आलं नाई. पहिले नागपूरवरून येत होतं. आता मुंबईवरून येईन."

"तोवर हा माणूस मेला तर?"

"माणूसबी ढोरात येत नाई," तो म्हणाला. सरपंच शेजारीच उभे होते म्हणून मी वाद घातला नाही.

शेवटी आम्ही सरकारला समजेल असं केलं. सरपंचांचा बैल वैरण खात नाही, असा नवा अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी ढोरांचे डॉक्टर ईश्वरदास सायकलवरून आले. हा जबलपूरकडचा माणूस. त्याची बदलीची फाईल दोन राज्यांच्या मधे कुठं तरी अडकली होती, त्यामुळे तो कशावरच रागवत नसे. त्यानं बैल पाहिला. बैल डोळे मिटून मजेत रवंथ करत होता. मग त्यानं सरपंचांचा बांधलेला हात पाहिला, माझ्या खाटेच्या पायाला बांधलेला भुऱ्या पाहिला, आणि सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसला.

"देखो जी," तो म्हणाला, "पहिले वो मिर्ची-चुना धो डालो. साबणानं, खूप पाण्यानं. और ये कुत्ता दहा दिवस जिंदा राहिला, खात-पीत राहिला, तो समझो पागल नाही. सरपंचजींना काही नाही करायचं. मेला, पळाला, कुणी मारला, तो सीधा नागपूर. चौदा सुया. पेट में."

सुई केवढी असते, असं सरपंचांनी बारीक आवाजात विचारलं. डॉक्टरनं पिशवीतून एक काढून दाखवली. ती बैलाची होती, पण हे त्यानं सांगितलं नाही आणि विचारायला सरपंच उभे नव्हते. ते खाली बसले होते.

नंतरचा तासभर आमची आळी आणि पंचायत मिळून रस्त्यावर गुडघे टेकून लाडू शोधत होती. सगळ्यांच्या पुढे स्वतः सरपंच. बकारामनं दवंडी पिटली. आदल्या दिवशी त्यानं "आपापले कुत्रे बांधून ठेवा होऽऽ" असं पिटलं होतं. आज "लाडू सापडन तं परत आणून द्या होऽऽ, खाऊ नोका होऽऽ" असं पिटलं. पोरांच्या हाती लाडू लागू नये म्हणून आयाबाया दारात उभ्या राहून पोरांना बदडत होत्या, पोरांनी काही केलं नसताना.

लाडू वेचून जाळल्यावर डॉक्टरनं कुत्रा निरोगी कसा ठेवावा हे सांगितलं. तो सांगत होता सरळ, पण ऐकणारे आम्ही होतो.

"बासी भात नको. गूळ नको, तिखट-मसाला नको. कोंबडीचं हाड नको, ते गळ्यात टोचतं. पाणी रोज ताजं, बर्तन घासून. गोचिडी हातानं काढायच्या, कान तपासायचे. जंताची दवा मी देतो. सावलीत बांधा, पण दोरी लांब ठेवा, आणि रोज सकाळी हिंडवा. बांधून ठेवलेला जानवर मन से बीमार पडतो."

"मी जलमभर पंचायतीच्या दारात बांधून आहो," बकाराम माझ्या कानात म्हणाला, "मले कोणी हिंडवलं नाई."

माझी बायको धुरपता दारातून म्हणाली, "घरच्या माणसाईले रातचा भात अन् कुत्र्याले ताजा? काऊन जी, मीबी सरपंचाले चावू काय?"

एवढ्यात सुलोचनाबाई पुढे झाल्या. यांच्या घरी मांजर आहे, आणि सरकारी माणूस ओट्यावर बसलेला आहे तोवर आपलंही काम करून घ्यावं, हा त्यांचा हिशेब. "डॉक्टरसाहेब, माह्या मांजरीचं सांगा ना. दूध देतो, तं हागते."

"बाई, मोठ्या मांजराला दूध कशाला? उसका पेट खराब होता है. मछली द्या. उकडून, काटे काढून. पाणी वेगळं ठेवा."

सुलोचनाबाई कबीरपंथी. त्यांनी गळ्यातली कंठी मुठीत धरली. मांजराची तब्येत एका बाजूला आणि धर्म दुसऱ्या बाजूला. मग त्या म्हणाल्या, "मासोळी हिरालालभाऊच्या घरची. मांजर माही. माह्या उंबऱ्याच्या अंदर नाई आली पायजे." आमच्या घराला काही विचारलं गेलं नाही. तेव्हापासून ती मांजर रोज दुपारी माझ्या ओट्यावर तलावातली मासोळी खायला येऊ लागली, आणि लांब दोरीला बांधलेला भुऱ्या ती खाताना बघू लागला.

ते दिवस मला आठवतात ते संतापानं. मी या गावात इतकी वर्षं अर्ज लिहितो, पण हिरालाल, तुझी तब्येत कशी आहे, असं मला कुणी विचारलेलं नाही. आता सकाळी दार उघडलं की ओट्यावर माणसं. "रातभर झोपला काय?" "कान गरम हायेत काय?" "आज हागला काय?" मी खोकत बाहेर आलो तर लोक म्हणत, "अर्जनवीस, तिकडं खोका, कुत्र्याले लागण होईन." सगळ्यांचे सल्ले तयार होते. एकीनं हळद चोळायला सांगितली, एकानं तंबाखूच्या पाण्यानं आंघोळ, आणि बकारामच्या सासूनं दोन्ही वेळा मिरच्या ओवाळून जाळल्या, त्यामुळे भुऱ्या शिंकायला लागला. तो शिंकला म्हणून सरपंचांच्या घरी चूल पेटली नाही.

सरपंचांना कुणी तरी सांगितलं होतं की पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं. ते रोज भुऱ्याच्या भांड्यापुढे उकिडवे बसत. "पे ना गा. पे ना, बापा." असं कुणी तोंडाकडे बघत बसलं तर कुत्रा कशाला पिईल? मी पिणार नाही. मग ते स्वतः तलावावर जाऊन पाण्याकडे बराच वेळ टक लावून उभे राहत, आपल्याला भीती वाटते का ते बघायला. लोकांना वाटलं, सरपंच आता तलावाच्या कामात लक्ष घालतात.

जंताची दवा पाजायची म्हणजे आमच्याकडे एकच पद्धत ठाऊक. बैलाला पाजतात तशी, बांबूच्या नळीनं. नळी बैलाची, तोंड कुत्र्याचं. बकारामनं मागचे पाय धरले, मी डोकं. सरपंच बाजूला थयथय नाचत होते, "हळू ना गा! त्याले लागन! जीव आहे त्याचा!" ज्या माणसानं आठवड्यापूर्वी लाडू वळले, त्याच्या तोंडून हे ऐकून मी नळी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. अर्थात स्वतःच्या पोटासाठी. पण कुत्र्याला त्याच्याशी काय करायचंय.

मीही मूर्ख नाही. एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. ठराव रद्द झालेला नव्हता. दहा दिवस सरले, सरपंचांच्या पोटाची काळजी मिटली, की भुऱ्या पुन्हा बिनमालकाचा कुत्रा. सगळी आळी ज्याला ताजा भात घालत होती, त्याच्यासाठी अकराव्या दिवशी नवे लाडू वळले जाणार होते. मी हे सरपंचांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "ते पंचायतीचं काम आहे. आता त्याचं तेवढं पाणी पाहा."

आणि नवव्या दिवशी घोटाळा झाला.

दुपारी सुलोचनाबाईची मांजर नेहमीप्रमाणे मासोळी घेऊन बसली होती. भुऱ्यानं आठवडाभर जे सहन केलं ते त्या दिवशी सहन केलं नाही. दोरीची गाठ बकारामनं मारली होती, म्हणजे सरकारी गाठ. ती सुटली. मांजर पळाली, कुत्रा मागे. सरपंचांच्या घरामागे बाडी आहे, तिला माणसाच्या डोक्याहून उंच मातीची भिंत. आत सरपंचांनी वांगी लावली आहेत. गावातले निम्मे लोक रोज संध्याकाळी तिथं वांगी आणायला जातात. एवढी वांगी खाऊन यांच्या पोटाचं काय होत असेल, असं मला नेहमी वाटे. मांजर भिंतीवर चढली. भुऱ्या भिंतीच्या बुडाशी असलेल्या मोरीतून आत घुसला.

आम्ही हाका मारत राहिलो. बाडीचं फाटक बंद, किल्ली सरपंचांकडे, आणि सरपंच तलावावर पाणी बघायला गेलेले. तासाभरानं भुऱ्या मोरीतून बाहेर आला. आला म्हणजे निघाला, पडला, उठला, पुन्हा पडला. तोंडातून लाळ. डोळे लाल. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. मी पाण्याचं भांडं पुढे केलं, तर त्यानं त्यात तोंड घालायच्या ऐवजी पाय घातला आणि भांड्यावर गुरगुरला.

"पागल झाला वो माय!" सुलोचनाबाई ओरडल्या आणि सगळी आळी दारं लावून आत गेली. तेवढ्यात सरपंच आले. त्यांनी भुऱ्याकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि रस्त्याच्या मधोमध बसले. त्यांच्या बायकोनं गळा काढला. कुणी म्हणालं गाडी जुंपा, छोट्या लाइनीची गाडी गाठा, गोंदियावरून नागपूर. कुणी कुऱ्हाड घेऊन आलं.

मी भुऱ्याच्या पुढे उभा राहिलो. शौर्य वगैरे काही नाही. तो माझ्या पायावरच पडला होता, हलता येत नव्हतं. "आधी डॉक्टर बघेल," मी म्हणालो. "मग माझ्यावरून कुऱ्हाड चालवा."

बकाराम कुणाची तरी सायकल मागून डॉक्टरला आणायला गेला. ऊन उतरायच्या आत ईश्वरदास डॉक्टर आला. त्यानं भुऱ्याचे डोळे पाहिले, दुरून लाळ पाहिली. मग वाकला. नाक जवळ नेलं. पुन्हा नेलं. मग माझ्याकडे वळला.

"अर्जनवीसजी, तुम्ही वास घ्या."

मी घेतला. कुजक्या फुलांचा गोडसर, आंबट वास. मला काही कळलं नाही. मी वर पाहिलं, तर माझ्याभोवतीची सगळी माणसं दुसरीकडे बघत होती. एकजात सगळी.

"महुआ," डॉक्टर म्हणाला. "ये पागल नाही. ये पी के आया है. मोहाच्या दारूचा चोथा खाल्ला आहे, भरपेट."

सरपंचांच्या बायकोचं रडणं मधेच थांबलं.

"पण मला लिहून द्यायचं आहे," डॉक्टर पुढे म्हणाला. "लाळ गळते, पाय लटपटतात, हे त्या बीमारीतही होतं. चोथा कुठं खाल्ला ते मी डोळ्यानं बघितलं, तर लिहीन दारू. नाही बघितला, तर मी जोखीम घेणार नाही. नागपूर."

या आमच्या सरपंचांनी सव्वीस जानेवारीला दारूबंदीवर अर्धा तास भाषण केलेलं आहे. ते भाषण मीच लिहून दिलं होतं. ते रस्त्यात बसून एकदा बाडीच्या भिंतीकडे बघत, एकदा आपल्या पोटाकडे. मग माझ्याकडे बघत. डॉक्टरकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्यांना सरकारची भीती नव्हती, माझ्या लेखणीची होती. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता.

डॉक्टरनं पिशवी उघडली. काय काढणार होता देव जाणे. सरपंच ताडकन उठले.

"बाडीत भट्टी आहे," ते म्हणाले. "माही आहे. चोथा मोरीपाशी टाकतो. चाला, दाखवतो."

आम्ही आत गेलो. मी त्या बाडीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. वांग्याची दोन झाडं होती. दोन्ही वाळलेली. बाकी मडकी, चूल, आणि मोरीपाशी चोथ्याचा ढीग, त्यात भुऱ्याच्या पायांचे ठसे. डॉक्टरनं बघितलं आणि मान हलवली. "मैं ढोरों का डॉक्टर हूँ जी, आबकारीचा नाही. हे झाकून ठेवा. जनावराला वाईट असतं." त्यानं दाखला लिहिला, सायकल घेतली आणि गेला.

मग मी घरी आलो आणि धुरपताला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"गावाले ठाऊक होतं."

"आणि मला नाही?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी अर्ज केला असता. तुमचा भाऊबी तं जाते वांगी आणाले."

गावातला एकूण एक अन्याय आपल्याला माहीत आहे, या भ्रमात मी इतकी वर्षं लेखणी चालवत होतो. लेकाच्यांनो, निदान खोट्या वांग्यांचा एखादा तरी देठ दाखवायचा होता.

मी ओट्यावर बसलो, दौत उघडली, कोरा कागद घेतला. भुऱ्या माझ्या पायाशी घोरत होता. हळूहळू आळी जमली. सरपंच येऊन खालच्या पायरीवर बसले. मी वर आणि ते खाली, असं पहिल्यांदाच होत होतं.

"लिहून राहिला काय गा?"

"लिहिणार. मी कुणाला घाबरत नाही."

"आबकारीले?"

"त्यांनाच."

माझ्या सख्ख्या भावानं पागोटं काढून हातात घेतलं.

"उद्या दहा दिवस संपतात," मी म्हणालो. "परवा भुऱ्याचं काय?"

सरपंचांनी हात चोळला. "ठराव पंचायतीचा आहे, हिरालाल. मी एकटा काय करू? ज्याले मालक नाई..."

"अर्जही आबकारीचा आहे. मी एकटा काय करू?"

मग ते म्हणाले, "मालकाचं नाव दे. नाव असन तं त्याले कोणी हात नाई लावणार. माही जबान."

मी आळीकडे पाहिलं. आळीनं आभाळाकडे पाहिलं. सुलोचनाबाईंनी कंठी धरली, बकारामनं तोंड फिरवलं. दारात धुरपता उभी होती. तिला ठाऊक होतं यापुढे भात कुणाच्या तांदळाचा जाणार.

"माझा लिहा," मी म्हणालो.

कोरा कागद मी घडी करून पाटाखाली सारला. तो अजून तिथंच आहे, कोरा. भीतीपोटी ठेवलेला नाही, हे मी इथं स्पष्ट नमूद करतो.

रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवसापासून आळीनं भुऱ्याला भात टाकणं बंद केलं. ज्याचा त्यानं पोसावा. सुलोचनाबाईंची मांजर मात्र अजून माझ्याच घरची मासोळी खाते, ते कोणत्या रीतीत बसतं हे विचारायची सोय नाही. भुऱ्याला मी डॉक्टरनं सांगितलं तसं ठेवतो. ताजा भात, घासलेलं भांडं, कान तपासणं. फक्त एक काम मला करावं लागत नाही. कुत्र्याला रोज सकाळी हिंडवावं, असं डॉक्टर म्हणाला होता. पहाट झाली की भुऱ्या आपणच उठतो, अंग ताणतो, आणि वांगी बघायला जातो.